कुठवर आली पोथी?



आजचा विषय आम्ही फोनवर कळवला तेव्हा संयोजक क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "सर, तत्त्वज्ञानातलं काही घेतलं असतं तर…" आम्ही म्हटलं, हे तत्त्वज्ञानातलंच आहे, फक्त सोवळं नेसलेलं नाही. विषय एवढाच : एक वाचक दुसऱ्या वाचकाला विचारतो, 'सध्या काय वाचताय?' आणि दुसरा उत्तर देतो. या दोन वाक्यांत काय घडतं, काय घडायला हवं आणि बहुतेक वेळा काय घडत नाही, याची थोडी चिकित्सा करायची आहे.

आधी एक खुलासा. आमचं हे 'आम्ही' निम्मं म्हणजे वर्गात शिकवताना लागलेली खोड. उरलेलं निम्मं मात्र खरंखुरं अनेकवचन आहे. निवृत्तीनंतर दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सहा जण जमतो. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, एसटीत वाहतूक नियंत्रक होते ते एक, वीज मंडळातले एक अभियंता, शाळेत मराठी शिकवलेले एक गुरुजी, होमिओपॅथीच्या एक डॉक्टरीणबाई आणि सहावे आम्ही. बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत जे समजलं ते, आणि त्याआधी पस्तीस वर्षं शिकवत असताना जे समजलं नव्हतं ते, असं दोन्ही आज बोलणार आहोत. कुठला 'आम्ही' सहांचा आणि कुठला एकट्याचा हे तुम्हाला कळेलच. जिथे लाज वाटण्यासारखं काही येईल तिथला एकट्याचा समजा.

तर 'सध्या काय वाचताय?' लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, सकाळी फिरताना, कुठेही हा प्रश्न येतो. बघा, प्रश्न चालू वर्तमानकाळात आहे. उत्तर मात्र असं येतं जणू सगळं होऊन गेलंय. 'अमुक वाचतोय, अप्रतिम आहे.' किंवा 'तमुक घेतलंय, काही दम नाही.' अहो, तुमचं पुस्तक चालू आहे ना? मग निकाल कसा लागला? खटला अजून उभा आहे, साक्षीपुरावे व्हायचे आहेत आणि न्यायाधीश निकालपत्र वाचून घरी गेलेसुद्धा. उत्तराचा दुसरा प्रकार म्हणजे नुसतं नाव. नाव जितकं जड तितकं बरं. तिसरा प्रकार, 'वेळच मिळत नाही हो.' तो निदान खरा तरी असतो. वर्षाअखेरीला 'यंदा शंभर पुस्तकं वाचली' अशा याद्या येतात, त्यांच्याबद्दल आम्ही बोलणार नाही. ती मोजदाद आहे, आणि मोजदाद करायला आमची हरकत नाही.

याच्याहून चांगला प्रश्न आपल्याकडे होता, अगदी खेड्यापाड्यांत होता, हे आम्हाला फार उशिरा आठवलं.

आमचं लहानपण कराडच्या बाजूच्या एका खेड्यात गेलं. आषाढी एकादशी झाली, चातुर्मास सुरू झाला की मारुतीच्या देवळात रात्री पोथी लागायची. कधी 'हरिविजय', कधी 'रामविजय'. आमच्या आठवणीत ठसलेली पोथी म्हणजे श्रीधराचा 'पांडवप्रताप', अध्याय 64. एक जण ओव्या वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा. आमच्या आजीला वाचता येत नव्हतं. पण पोथी चुकवायची नाही. कधी गाय व्यायली, कधी पाहुणे आले आणि रात्र हुकली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर शेजारणीला तिचा पहिला प्रश्न असायचा, "कुठवर आली पोथी?" शेजारीण सांगायची, "लाक्षागृहातनं निसटले बघ." बास. एवढ्यावर आजीचं काम भागायचं.

आता यातली गंमत बघा. 'पोथी कशी वाटली' असं आजीनं कधीच विचारलं नाही. 'पुढे काय होणार' हेही नाही, कारण पुढे काय होणार हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. तिनं विचारली ती जागा. ती जागा कळली की आजी दिवसभर गोठ्यात, चुलीपाशी, शेतात त्या जागेवर असायची. पांडव जंगलात चालताहेत, कुंती दमलीय, भीम सगळ्यांना उचलून घेतोय. संध्याकाळपर्यंत शेजारणीशी तिचं एकदोनदा भांडणही व्हायचं, त्या लाक्षागृहात जळून गेलेल्या भिल्लिणीबद्दल आणि तिच्या पाच मुलांबद्दल. त्यांचा काय गुन्हा? हा प्रश्न आजी विचारायची. पुढे विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवताना आम्ही तो स्वतःचा म्हणून खपवला आहे.

आणि अर्थ सांगणाऱ्याची परीक्षाही तिथेच असायची. त्याला चौसष्टच्या चौसष्ट अध्याय पाठ. पण आजच्या अध्यायातल्या धर्मराजाला उद्याचं माहीत नाही, हे त्यानं सांभाळायचं. ज्याला ते जमायचं त्याच्या पोथीला देवळाच्या पायऱ्यांवरही माणसं बसायची. ज्याला जमायचं नाही, जो द्यूताच्या आधीच कुरुक्षेत्राचा उपदेश सुरू करायचा, त्याच्या पोथीला म्हातारेकोतारे पेंगायचे.

हा सगळा मामला ऐकणाऱ्यांचा होता, वाचणाऱ्यांचा नव्हे, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण छापील मराठीतही काही काळ ही सोय होती. 1890 साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो!' हप्त्याहप्त्यानं आली. सगळे वाचक एकाच आठवड्यात एकाच ठिकाणी अडलेले. यमीचं पुढे काय, हे पुण्यातल्या वाचकाला कळत नव्हतं आणि नागपुरातल्यालाही नाही. पुस्तक बांधून हातात आलं की ही सोय गेली. आता मी पान 40 वर आणि तुम्ही 300 वर. वाचन एकट्याचं झालं, म्हणून तर विचारायची वेळ आली. पत्रांनी ही उणीव पुष्कळ भरून काढली. धारवाडला बसून जी. ए. कुलकर्णी सुनीताबाई देशपांड्यांना लिहीत आणि सुनीताबाई त्यांना, त्यात पुस्तकं ही दोघांमधली मोठी देवघेव होती. पत्राला मात्र टपालाचे दिवस लागतात. उत्तर येईस्तोवर लिहिणारा पुढच्या पानावर, कदाचित पुढच्या पुस्तकात गेलेला असतो. त्या संग्रहांकडे या नजरेनं बघण्यासारखं आहे, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय झाला.

आज मारुतीच्या देवळातून उठून आपल्याला बरंच लांब जायचं आहे, अथेन्सच्या वेशीबाहेर. कारण एक माणूस काय वाचतोय आणि दुसरा ते कसं काढून घेतो, याचा आमच्या वाचनातला सर्वांत बारीक प्रसंग प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादाच्या सुरुवातीला आहे. अभ्यासक्रमात हा संवाद प्रेमावरचा, आत्म्यावरचा आणि वक्तृत्वावरचा म्हणून लावतात. आम्हीही तसाच शिकवला. सारथी आणि दोन घोडे यांच्यावर हमखास प्रश्न असायचा. सुरुवातीची पानं 'प्रास्ताविक' म्हणून ओलांडायचो. ती नीट वाचली निवृत्तीनंतर, शनिवारच्या मंडळींसमोर. आणि तीसुद्धा नियंत्रकसाहेबांनी अडवलं म्हणून. ते म्हणाले, "थांबा सर, त्या पोराच्या हातात काय आहे ते आधी सांगा."

त्या पोराच्या हातात पुस्तक आहे. फीड्रस सकाळभर लिसियस नावाच्या प्रसिद्ध भाषणलेखकाकडे बसून आलाय. लिसियसनं एक भाषण रचलंय, ते फीड्रसनं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलंय, तेवढ्यानंही समाधान झालं नाही म्हणून शेवटी ती गुंडाळीच मागून घेतलीय आणि आता पाय मोकळे करायला गावाबाहेर निघालाय. वाटेत सॉक्रेटिस भेटतो. साहजिक प्रश्न : कुठून आलास, काय केलंस सकाळभर? फीड्रस सांगतो, लिसियसचं भाषण ऐकलं. सॉक्रेटिस म्हणतो, मग ऐकव. यावर फीड्रस आढेवेढे घेतो. छे, छे, एवढ्या मोठ्या लेखकाचं मला कुठलं आठवायला. फार तर मुद्दे सांगतो, शब्द नाही सांगता यायचे. आणि सॉक्रेटिस त्याला पकडतो. तुझ्या डाव्या हातात, अंगरख्याखाली काय आहे ते आधी दाखव. माझा संशय असा की ते भाषणच तिथे आहे.

म्हणजे मंडळी, फीड्रसला 'सध्या काय वाचताय' या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, पण पुस्तक लपवून. त्याला ते पाठ म्हणून दाखवायचं आहे, सॉक्रेटिसवर सराव करायचा आहे. पुस्तक बाहेर आलं की सरावाची गंमत गेली. मग ऐकणारा म्हणू शकतो, हे तू म्हणतोस की तो म्हणतो? हे कुठे लिहिलंय? पुढचं वाच बघू. पांघरलेल्या पुस्तकाला हे प्रश्न विचारता येत नाहीत.

पुढे दोघं इलिसस नदीच्या पाण्यात पाय बुडवत जातात, चिनाराच्या सावलीत बसतात. फीड्रस वाचतो, सॉक्रेटिस ऐकतो. मग सॉक्रेटिसला त्याच विषयावर स्वतःचं भाषण करायची पाळी येते, तेव्हा तो काय करतो? डोकं झाकून घेतो, फीड्रसकडे बघून लाज वाटू नये म्हणून. एकाचं पुस्तक अंगरख्याखाली, दुसऱ्याचं तोंड. थोड्या वेळानं सॉक्रेटिस ते भाषण चूक होतं म्हणून मागे घेतो आणि दुसरं करतो, ते उघड्या डोक्यानं. आम्हाला वाटतं, पुस्तकाबद्दलच्या संभाषणाची जात ओळखायला ही खूण पुरेशी आहे. बोलणाऱ्यानं काय झाकलंय?

आमच्या अभियंत्यांनी आठ वर्षं आम्हाला सांगितलं नव्हतं की ते रात्री झोपताना बाबूराव अर्नाळकर वाचतात. झुंजार आणि काळापहाड. एरवी शनिवारी येताना विज्ञानावरची पुस्तकं आणायचे. 'फीड्रस' वाचला त्याच्या पुढच्या शनिवारी ते पिशवीतून एक विटकी पॉकेट बुक काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "हे घ्या, डाव्या हातातलं." त्या संध्याकाळी रहस्यकथेत लेखक वाचकाला किती सांगतो आणि किती दडवतो यावर जी चर्चा झाली, ती आमच्या विभागातल्या कुठल्याही चर्चासत्रात झाली नव्हती. विज्ञानाच्या पुस्तकांबद्दल ते आदरानं बोलायचे. अर्नाळकरांबद्दल बोलताना ते वाचक होते.

फीड्रसकडे परत येऊ. भाषण ऐकून झाल्यावर सॉक्रेटिस टीका करतो, ती आजही समीक्षेच्या वर्गात सांगतात : रचना जिवंत प्राण्यासारखी असावी, तिला डोकं असावं, पाय असावेत, मधला भाग दोन्हींशी जुळावा. लिसियसचं भाषण कुठूनही सुरू करा, कुठेही संपवा, काही बिघडत नाही. तो शेवटाकडून उताणा पोहत येतो. हे सगळं प्रसिद्ध आहे. पण ही टीका सॉक्रेटिस कशी करतो याकडे आमचं लक्ष गेलं नव्हतं. तो फीड्रसला म्हणतो, सुरुवात पुन्हा वाच. फीड्रस वाचतो. थोडं बोलणं होतं. सॉक्रेटिस पुन्हा म्हणतो, सुरुवात वाच. त्याच ओळी, दुसऱ्यांदा. भाषण एव्हाना संपलेलं आहे, फीड्रसला तर ते पाठ आहे. सॉक्रेटिस संपलेलं पुस्तक पुन्हा चालू करायला लावतो. फीड्रसची अडचण एवढीच होती की त्याचं वाचून झालं होतं.

संवादाच्या शेवटी लेखनावरची ती प्रसिद्ध तक्रार येते. लिहिलेले शब्द चित्रासारखे असतात, प्रश्न विचारला तर गंभीर चेहऱ्यानं गप्प राहतात किंवा तेच ते पुन्हा सांगतात. या तक्रारीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ती प्लेटोनं लिहूनच केली आहे हेही सर्वांनी सांगून झालं आहे. आम्हाला त्यातलं एक साधं सांगायचं आहे. पुस्तक उत्तर देत नाही, मान्य. पण चिनाराखाली पुस्तकापाशी दोन माणसं बसली आहेत. पुस्तक गप्प राहिलं की त्यातला एक बोलतो, आणि तो चुकला की दुसरा म्हणतो, दाखव बरं कुठे आहे ते.

इथे एक आक्षेप आम्ही स्वतःवरच घेतो, कारण तो आमच्याच घरातला आहे. मीमांसकांनी ग्रंथाचं तात्पर्य ठरवण्याच्या सहा खुणा सांगितल्या : उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती. पहिलीच खूण बघा. आरंभ आणि शेवट यांची एकवाक्यता. म्हणजे शेवट हाती आल्याशिवाय तात्पर्य हाती येत नाही. मग अर्ध्या पुस्तकावर बोलणाऱ्याला बोलायचा अधिकार काय? माँतेनही पुस्तकाच्या शेवटी वाचून संपवल्याची तारीख आणि आपलं मत लिहून ठेवायचा, कारण त्याला आठवत नसे. संपवल्याची तारीख, बरं का. हा आक्षेप वजनदार आहे आणि आम्ही तो पूर्ण मानतो. अर्ध्या पुस्तकावर तात्पर्य सांगू नये. सांगणारे सांगतात, आणि तीच सगळी गडबड आहे.

पण अर्ध्या पुस्तकात तात्पर्याऐवजी दुसरं काहीतरी असतं आणि त्याला नैयायिकांनी नाव दिलेलं आहे : आकांक्षा. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त वाक्यातून अर्थ कळायला तीन गोष्टी लागतात. आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. गाय, घोडा, माणूस, हत्ती असे नुसते शब्द ओळीनं उच्चारले तर वाक्य होत नाही, कारण एका शब्दाला दुसऱ्याची आकांक्षा नाही, ओढ नाही. 'गाय' म्हटल्यावर 'आण' ऐकू आलं की ओढ भागली. आम्ही ही कल्पना वाक्यावरून उचलून पुस्तकावर ठेवतो आहोत. शास्त्राच्या दृष्टीनं ही थोडी ओढाताण आहे, जाणकारांनी माफ करावी. मधल्या पानावर असलेल्या वाचकाजवळ मत नसतं, आकांक्षा असते. हा माणूस असं का वागला? हा मुद्दा त्या मुद्द्याशी जुळत नाही, पुढे जुळेल का? पुस्तक संपलं की ही आकांक्षा शमते आणि, हे महत्त्वाचं, ती होती हेही आपण विसरतो. शेवट माहीत झालेला वाचक पहिल्या पानावर आपण किती चुकलो होतो ते सांगूच शकत नाही. गाडामर जर्मनमध्ये याच्या जवळपासचं सांगतो : वाचणारा सुरुवातीपासूनच सगळ्याचा एक अर्थ पुढे फेकत असतो आणि पानागणिक तो दुरुस्त करत जातो. या दुरुस्त्या तिऱ्हाइताला दिसतात त्या फक्त पुस्तक चालू असताना.

म्हणून शनिवारी आमच्याकडे विचारायचा प्रश्न 'कुठवर आलात' हाच. पुस्तकाचं नाव, जागा, आणि त्या जागेवर काय अडलंय. ज्याचं ते पुस्तक आधी वाचून झालंय त्यानं पुढचं सांगायचं नाही, धर्मराजासारखं सांभाळायचं. नियम म्हणावा तर हा एवढाच आहे, आणि तो दर महिन्याला एकदा तरी मोडतो. डॉक्टरीणबाईंना शेवट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुरुजी मधल्या जागेचं निमित्त करून पूर्ण पुस्तकावर व्याख्यान देतात. एक वर्ष तर आमच्यात कोण जास्त ठिकाणी अडतो याचीच चढाओढ लागली होती. अडणं हेही मिरवता येतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यामुळे आमची ही पद्धत कुणी उचलावी असं आम्ही सुचवत नाही.

पण मूळ प्रश्नाबद्दल आम्ही इतके हट्टी का आहोत, ते आता सांगायला हवं. हे एकट्याचं आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. तेव्हा विभागाच्या चहाच्या वेळी कुणी विचारलं, सध्या काय वाचताय, की आमचं उत्तर ठरलेलं असायचं, "हेगेल चालू आहे." 1807 चं ते 'फेनॉमेनॉलॉजी'. मिलरच्या इंग्रजी भाषांतरात परिच्छेदांना आकडे घातले आहेत, एकूण 808. आमच्या टेबलावर ते वर्षानुवर्षं असायचं, खूण घातलेलं. खूण 196 वर होती. स्वामी आणि दास यांचं ते प्रकरण तिथे संपतं. जगातले निम्मे लोक तिथेच थांबतात, पण ते तसं सांगतात तरी. आम्ही प्रस्तावना वाचली होती. ती हेगेलनं सगळं लिहून झाल्यावर लिहिली, त्यामुळे तिच्या जोरावर संपूर्ण ग्रंथाबद्दल बोलता येतं. आम्ही बोलत होतो.

आमचा एक विद्यार्थी एम. फिल. करत होता. मार्गदर्शक आम्हीच. एका संध्याकाळी तो घरी आला आणि विचारलं, "सर, हेगेलची ही 'दुःखी जाणीव' म्हणजे दासाचीच का?" आमच्याकडे पाहुणे होते. नसते तरी फरक पडला नसता. आम्ही म्हटलं, "हो, अर्थात. स्वामीपुढे दासाला होणारं दुःख." पाच मिनिटं छान विस्तारही केला, आपल्याकडच्या जातिव्यवस्थेचे दाखले दिले. त्यानं वहीत लिहून घेतलं. प्रबंधात त्याचं एक आख्खं प्रकरण झालं. आम्ही ते तपासलं आणि सही केली.

दुःखी जाणीव 206 व्या परिच्छेदाशी सुरू होते. आमच्या खुणेपासून दहा परिच्छेद पुढे. आणि हेगेल तिथे जे म्हणतो ते आम्ही सांगितलं त्याच्या नेमकं उलट आहे : जे द्वैत आधी दोन व्यक्तींत, स्वामी आणि दास यांच्यात, वाटलेलं होतं ते आता एकाच जाणिवेच्या आत येऊन बसलंय. दुःख समोरच्या माणसामुळे नाही, आतल्या फाळणीमुळे आहे. हे वाचायला फार तर एक दुपार लागली असती.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी शांतपणे ग्रंथ पुढे सरकवला आणि विद्यार्थ्याला म्हणाले, "हे हेगेल कुठे म्हणतो, दाखवा." त्यानं पानं चाळली. आम्ही शेजारच्याच खुर्चीवर होतो. त्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं, मग परीक्षकांना म्हणाला, "माझ्या वाचनातली चूक असेल, सर." आम्ही काही बोललो नाही. प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला, सहा महिने गेले, आणि त्या सहा महिन्यांत एका महाविद्यालयात त्याला मिळू शकणारी जागा भरली गेली. पुढची चार वर्षं तो तासिका तत्त्वावर तीन गावांत शिकवत फिरला.

त्या खोलीत आम्ही गप्प का बसलो याची कारणं आम्ही नंतर स्वतःला पुष्कळ दिली. ती इथे सांगत नाही, कारण त्यातलं एकही चांगलं नाही. पुस्तक अंगरख्याखाली होतं, इतकंच.

आमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला तो आला होता. तोवर एका तालुक्याच्या महाविद्यालयात कायम झाला होता. केस पांढरे होऊ लागलेले. सगळे पांगल्यावर हार, नारळ, शाल गाडीत ठेवायला मदत करत होता. ठेवता ठेवता म्हणाला, "सर, एक विचारू? तेव्हा तुम्ही कुठवर आला होतात?"

आम्ही म्हणालो, "एकशेशहाण्णव."

तो म्हणाला, "वाटलंच मला. माझंही घोडं तिथेच अडलं होतं. म्हणून तर विचारायला आलो होतो."

त्यानं हे रागानं म्हटलं नाही. गाडीचं दार लावलं, नमस्कार केला आणि एसटी गाठायला गेला. आम्ही घरी आल्यावर मिलरचं भाषांतर काढलं आणि 197 पासून सुरू केलं. शनिवारची बैठक त्यानंतर पाचसहा महिन्यांनी सुरू झाली. तिचा याच्याशी संबंध आहे की नाही, हे मंडळींनी आम्हाला कधी विचारलं नाही. आज ते पुढच्या रांगेत बसलेत, त्यांना आत्ताच कळतंय.

वेळ संपत आली. काल शनिवार होता, तेव्हा कालचा हिशेब सांगून थांबतो. अभियंत्यांचा नेमाड्यांच्या 'हिंदू'त तिसरा प्रयत्न चालू आहे. गेल्या दोन वेळी जिथे सोडलं त्याच्या वीस पानं अलीकडे आहेत आणि त्यांना आताच धास्ती वाटते आहे. गुरुजी 'युगान्त' चौथ्यांदा वाचताहेत, गांधारीपाशी आहेत. त्यांचा प्रश्न असा की डोळ्यांवर पट्टी बांधणं हा इरावतीबाई त्याग समजतात की राग, आणि मागच्या तीन वेळी आपल्याला हा प्रश्न का पडला नाही. डॉक्टरीणबाई एक इंग्रजी रहस्यकथा वाचताहेत आणि खुनी कोण ते त्यांनी काल सांगून टाकलं. नियंत्रकसाहेब काही वाचत नाहीयेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, महिनाभर बंदी आहे. त्यांनी आम्हा प्रत्येकाला दोनदा विचारलं, कुठवर, कुठवर. बँकेतल्या बाईंनी यंदा चैत्रापासून दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' घेतलंय. त्या महिन्याचा लेख त्या महिन्यातच वाचायचा, पुढचं पान उलटायचं नाही, असं ठरवलंय. काल त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "आषाढात आहे. बाहेर पाऊस नाही, पुस्तकात आहे. काय करावं कळत नाही."

आणि आम्ही 431 वर आहोत. 'बुद्धी'चं प्रकरण सहा परिच्छेदांत संपेल. या टप्प्यावर कायदा देणारी आणि कायदा तपासणारी बुद्धी दोन्ही फसतात असं हेगेल दाखवतो, आणि तपासणारी नेमकी का फसते ते आम्हाला अजून नीट लागलेलं नाही. त्या तालुक्याच्या प्राध्यापकांना काल रात्री फोन करून विचारलं. ते म्हणाले, "सर, माझं वाचून झालंय, पण आता सांगत नाही. पुढे जा, मग बोलू."

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. ध्वनिक्षेपक मागच्या रांगेपर्यंत येईल.